दलदलीतलं झाड आणि मधलं टेबल

आमच्या उत्तर मिनेसोटात थंडी उणे तीसच्या खाली गेली की बोनसाय मंडळाचा अध्यक्ष हार्लन लिंडग्रेन आपलं जपानी मेपल गॅरेजात नेतो. हीटर लावतो, कुंडीला मफलर गुंडाळतो आणि त्याला करमावं म्हणून रेडिओ लावून ठेवतो. हवामानाच्या बातम्या ऐकून त्या मेपलच्या अंगावर काटा आलेला मी स्वतः पाहिलाय. मी खोटं बोलत नाही. बोललोच तर थोडं.

आयली कोस्केला, वय एक्क्याऐंशी, हिचं झाड मात्र इथलंच. टॅमरॅक, म्हणजे पानांऐवजी सुया असलेलं इथलं रानझाड. गावाबाहेरच्या दलदलीत हरणांनी चाळीस वर्षं शेंडे खाऊन खुजं ठेवलेलं. जमीनमालकाला विचारून तिनं ते उचललं आणि पंधरा वर्षं कुंडीत घडवलं. हिवाळाभर ते अंगणात बर्फाखाली पडून असतं. रेडिओशिवाय.

"आयली, हे खड्ड्यातलं गवत आहे गं," हार्लन दरवर्षी प्रदर्शनात म्हणायचा, आणि टॅमरॅक कॉफीच्या भांड्याशेजारी जायचं. मधलं टेबल मेपलचं. ते कुणी बळकावू नये म्हणून त्यानं नियमच केला होता: एकदा मांडलेलं झाड प्रदर्शन संपेपर्यंत हलवायचं नाही.

यंदा आयली मला म्हणाली, "पुन्हा कॉफीजवळ ठेवलं ना, तर परत दलदलीत लावून येणार. कुंडी उचलवत नाही आता. एकदा तरी ते मधे बसलेलं बघू दे."

ऑक्टोबरातला प्रदर्शनाचा दिवस. माझ्या उघड्या पिकअपमधून चाळीस मैल झाड आणलं. वाऱ्यानं त्याच्या पिवळ्या सुया अशा उडाल्या, की मागचा गाडीवाला मला आग लागली समजून हॉर्न बडवत राहिला. हॉलमध्ये पोचलो तेव्हा कुंडीत नुसत्या काड्या.

हार्लन मेपल घेऊन मधल्या टेबलाकडेच निघाला होता. काड्या पाहून थबकला.

"अरेरे! गेलं बिचारं."

आमच्या मंडळाची रीत अशी, की कुणाचं झाड मेलं तर काळी फीत बांधून ते मधल्या टेबलावर ठेवायचं आणि टोप्या काढून एक मिनिट गप्प उभं राहायचं. जिवंत झाडांशी आम्ही इतके चांगले वागत नाही. हार्लननं हातातलं मेपल कॉफीजवळ टेकवलं, टॅमरॅक स्वतः उचलून मधे मांडलं, फीत बांधली, डोळेही पुसले.

मी तोंड उघडणार तोच आयलीनं माझा पाय तुडवला.

मिनिट संपलं. ती पुढं झाली, एक फांदी नखानं खरवडली. आत हिरवंगार.

"हार्लनबाळा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो टॅमरॅक पिवळी होऊन झडतायत. त्यांच्यामधूनच गाडी हाकत आलास ना? सगळ्यांना फिती बांधल्यास का?"

"म्हणजे... जिवंत आहे?"

"झोपलंय. वसंतात उठेल. तुझ्या मेपलला तू झोपूच देत नाहीस."

"मग उचल ते! कॉफीजवळ ने!"

"मांडलेलं झाड हलवायचं नाही. नियम कुणाचा रे?"

सगळे आपापल्या टोप्यांत बघू लागले. दोन दिवस मेपल कॉफीच्या वाफेत उभं राहिलं. त्याला गॅरेजात असल्यासारखंच वाटलं असेल.

आयलीनं मधल्या टेबलासमोर खुर्ची ओढली, ऐसपैस बसली आणि मला म्हणाली, "जा, कॉफी आण मला. आज फारच लांब ठेवलीय मेल्यांनी."