शिवणघरातला लोहचुंबक

हसू नका मित्रांनो, पण मी एक म्हातारा लोहचुंबक आहे. घोड्याच्या नालेसारखा वाकडा, लाल रंगाचे टवके उडालेला. भट्टीतून निघालो आणि एका शिवणघरात येऊन पडलो. गोळा करणं हा माझा धंदा.

तसं त्या घरात सगळेच काही ना काही गोळा करायचे. आमची म्हातारी दोरा ओढून झालरीच्या चुण्या गोळा करायची, तिची सून चिंध्या गोळा करायची, शेजारणी गप्पांना गोळा व्हायच्या. मी सांडलेल्या सुया-टाचण्या गोळा करायचो. मशीन बंद झालं की म्हातारी मला दोरीने जमिनीवरून फिरवायची, कोपऱ्यापासून दारापर्यंत, उलट्या पावलांनी. "अगं, नात आता रांगायला लागेल," ती सुनेला बजावायची, "याला फिरवल्याशिवाय पोरीला खाली सोडायचं नाही. कळलं?" मग पदराने मला पुसायची. "शहाणा माझा!" मी कसा फुगून जायचो!

ती आजारी पडली आणि गेली. माणसं गोळा झाली, पांगली. सगळं काम सुनेच्या अंगावर पडलं. झाडू मारला की झालं, असं तिला वाटायचं. मी खिळ्याला लटकून नुसती धूळ गोळा करू लागलो. फार वाईट वाटायचं हो! आणि झाडूला फटीतली सुई थोडीच दिसते?

एकदा भर दुपारी सून दाराबाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होती. नात आतल्या खोलीतून रांगत आली. मशीनखालच्या फटीत एक सुई होती, टोक वर करून. मला ती जाणवत होती. पण मला ना हात ना पाय, करणार काय?

तेवढ्यात माझी दोरी ताणली गेली. खोलीत कुणी नव्हतं. मी खिळ्यावरून उतरलो, कोपऱ्यात टेकलो आणि सावकाश दाराकडे सरकू लागलो. ओढ ओळखीची होती, मध्येच दम खाणारी. पोर थांबली. माझ्या वर, जिथे कुणीच नव्हतं तिथे बघून खुदकन हसली आणि तिने हात पसरले. सुई मला येऊन चिकटली.

सून आत आली. मला चिकटलेली सुई पाहून तिने पोरीला झटकन उचललं. "याला कुणी काढलं गं?" पोर अजून वरच बघत होती. सुनेने अवसान गोळा करून दोरी धरली. ती बर्फासारखी गार होती. "आई," ती रडत म्हणाली, "चुकलं माझं. उद्यापासून मी फिरवीन."

दोरी सैल पडली.

आता सून मला रोज फिरवते. एखाद्या दिवशी विसरते, मग दोरी आपोआप ताणली जाते. म्हणून हात जोडून सांगतो मित्रांनो, आपलं सांडलेलं आपणच वेचावं. म्हातारी जन्मभर वाकून राबली. मेल्यावरही तिला किती वाकायला लावायचं?