पेंटरकाकांच्या टीव्हीतलं तेज

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या, जागा होईल. आज तुम्हाला एका तेजाची गोष्ट सांगतो. तेज म्हटलं की हात आपोआप जोडले जातात, माझेही जातात. पण ही गोष्ट ऐकताना हात मोकळे ठेवा, मध्येच डोकं खाजवावं लागेल.

तर पेंटरकाकांच्या बाहेरच्या खोलीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर सगळा शेजारपाजार, खिडकीच्या गजांना धरून आणखी काही जण. समोर भिंतीवर काकांचा नवा टीव्ही, दरवाज्याच्या फळीएवढा. त्यावर काकांचे लाडके बुवा गात होते आणि गाता गाता निरूपण करत होते. अन् बुवांच्या डोक्याभोवती, खांद्यांभोवती एक पांढरी रेघ झळकत होती. बारीक, स्वच्छ, थरथरणारी.

"दिसलं! वलय दिसलं!" बेकरीवाला ओरडला. पिठाच्या हातांनीच त्यानं डोळे पुसले, त्यामुळे त्याच्याही डोळ्यांभोवती वलय आलं.

"शांत! तेजाला आवाज सोसत नाही," टीव्हीशेजारच्या खुर्चीतून तेजबाबांनी दटावलं. मग तेजाला न सोसणाऱ्या आवाजात ते स्वतःच बोलू लागले. "हा काचेचा पडदा नाही, हा तिसरा डोळा आहे! लहरी आहेत, कंपनं आहेत, सूक्ष्म किरण आहेत! जगात लाखो टीव्ही आहेत, पण तेज उतरलं ते फक्त या घरात. का? पेंटरकाकांची भक्ती!"

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकांनी नम्रपणे खाली पाहिलं. मात्र आपण किती नम्र दिसतोय ते पाहायला एकदा हळूच वरही पाहिलं.

माणूस भाबडा, पण वाईट नव्हे. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. गुडघ्यांनी शिडीला नकार दिला तेव्हा ब्रश धुऊन ठेवला आणि सकाळी बुवांना ऐकणं एवढाच उद्योग उरला. जुना टीव्ही पावाच्या पेटीएवढा होता. त्यात बुवा लहान पण छान दिसायचे. मग लेकीनं हा नवा पाठवला. लावला, आणि बुवांचं रूपच पालटलं. चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत झाला, नाकडोळे वितळले, अंग आडवं पसरलं. टाळ्या वाजवताना हात चौकोनी तुकडे होऊन हवेत विरायचे. आणि भोवती ती रेघ.

दुसरा कुणी असता तर त्यानं मेकॅनिकला बोलावलं असतं. काकांनी हात जोडले. बुवांच्या चित्रावर शंका घेणं म्हणजे बुवांवर शंका घेणं, असा त्यांचा हिशेब.

लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, चॅनलच्या जुन्या आकड्याआधी एकचा अंक लावा. एचडी येईल, चांगलं दिसेल."

"अगं, तो बुवांचा आकडा आहे. इतकी वर्षं अंगठ्याला पाठ झालाय. ऊठसूट पत्ता बदलायला बुवा काय भाडेकरू आहेत?"

विषय संपला. वलयाची बातमी बेकरीतून बनपावांबरोबर घरोघर गेली आणि तिच्या वासावर तेजबाबा आले. आधी ते दुखऱ्या कंबरेला बांधायचे पट्टे विकत. आता टीव्हीच्या डोक्यावर त्यांच्या 'तेजजला'च्या बाटल्या रांगेनं उभ्या होत्या. जाताना प्रत्येकानं पैसे मोजून एकेक न्यायची.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण घरात काकू होत्या, आणि काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. हातातल्या कपात चहा किती आहे, हे त्या कप हलवून ओळखायच्या.

"माउली, तुम्हाला काय दिसतं?" तेजबाबांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"मला टीव्हीतलं धड काही दिसत नाही. वलय मात्र दिसतं. बल्बभोवती, गाडीच्या दिव्याभोवती, गॅसच्या आचेभोवतीसुद्धा."

तेजबाबा खुर्चीतून अर्धे उठले. "ऐकलंत? आम्हाला एका जागी दिसतं, माउलींना सर्वत्र! हा आजार नाही, ही दृष्टी उघडतेय. तिला सुरी लावणार? ऑपरेशन रद्द करा. रोज या तेजाकडे एकटक पाहायचं, पापणीला तेजजल लावायचं. पडदा आपोआप गळून पडेल."

काकूंनी एवढंच विचारलं, "गॅसची शेगडी पण महात्मा झाली का हो?"

"अगं, चेष्टा करू नकोस," काका कळवळून म्हणाले. बायकोला सुरीविना दिसू लागणार, तेही आपल्या घरात, आपल्या बुवांच्या कृपेनं! त्यांचा चेहरा असा उजळला की काकू गप्प झाल्या. तो उजेड त्यांना दिसला नव्हता. आवाजात ऐकू आला होता. ऑपरेशन रद्द केल्याचा निरोप दवाखान्यात काकांनी स्वतः दिला.

म्हणून त्या सकाळी चपलांच्या ढिगात आणखी एक जोड पडला. डोळ्यांच्या डॉक्टरबाई आत आल्या. दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच, त्यामुळे सगळे ओळखीचे. त्या काकूंशेजारी बसल्या, हात हातात घेतला आणि काकांना म्हणाल्या, "काका, यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय. आणखी थांबलात तर आत दाब वाढेल. मग डोळा परत आणणं माझ्या हातात नाही."

"डॉक्टर, समोर बघा तरी," काका म्हणाले. "एवढं तेज डोळ्यांनी दिसतंय!"

डॉक्टरबाईंनी पाहिलं. तिरकं होऊन पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं. "दिसतंय खरं. जरा दुसरं काही लावू?"

भांडी घासायच्या पावडरीची जाहिरात लागली. पडद्यावर करपलेली काळी कढई आली, आणि कढईभोवती तसंच पांढरं, थरथरणारं वलय.

खोलीत चुळबुळ झाली. "निर्जीवातही तेज!" तेजबाबा गरजले. "सर्वत्र एकच तत्त्व!"

पुढच्या चॅनलवर बातम्या होत्या. पोलिसांनी एका दरोडेखोराला धरून आणलं होतं. काळे केस, मागे फिकी भिंत, आणि डोक्याभोवती झळझळीत कड.

"याचं काय?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"त्याला... पश्चात्ताप झालेला दिसतोय," तेजबाबा म्हणाले.

"पोलिसाभोवती पण आहे की. त्याला कसला झाला?"

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. काकांना मात्र हसू येईना. बायकोचा डोळा आणि दरोडेखोराचं वलय, दोन्ही एकदम छातीवर येऊन बसलं.

"काका," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या दवाखान्याची पाटी तुम्हीच रंगवलीत ना? निळ्या अक्षरांभोवती पांढरी कड ओढली होती. कशासाठी?"

धंद्याचा प्रश्न आला की काकांचा कणा ताठ व्हायचा. "अहो, तीच तर हातची करामत! नुसतं अक्षर जमिनीत, म्हणजे पाटीच्या मागच्या रंगात, बुडतं. भोवती पांढरी कड ओढली की कसं लांबून उठून..."

'दिसतं' हा शब्द तोंडातच राहिला. काकांनी टीव्हीकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. जन्मभर ज्यानं कडा ओढल्या, तोच हात ते रोज सकाळी त्या कडेपुढे जोडत होते.

"हा टीव्ही कडा ओढतो?" त्यांनी खोल आवाजात विचारलं.

"ओढतो. माझ्या दवाखान्यातही हेच झालं. बाकावर बसलेले पेशंट टीव्ही बघून घाबरायचे, घरून निघाल्यापासून इथे येईपर्यंत नजर आणखी गेली म्हणून! शेवटी टीव्हीवाल्याला बोलावलं, तेव्हा त्यानं समजावलं. चित्र ठिपक्यांचं बनतं. या जुन्या आकड्यावर ठिपके थोडेच येतात. लहान टीव्हीला ते पुरायचे. हा पडदा केवढा! आलेल्या एका ठिपक्याच्या जागी याला पाचेक भरायचे असतात. मग मधले कुठून आणायचे?"

"मनानं भरायचे," काका पुटपुटले. "गिऱ्हाईक बोटभर फोटो आणायचं आणि म्हणायचं, भिंतभर चेहरा काढ. फोटोत मिशी म्हणजे नुसता डाग. त्यातले केस मीच कल्पनेनं काढायचो. एका शेटजींना असा रुबाबदार केला होता की सख्ख्या भावानं ओळखला नाही."

"तसंच. हाही अंदाजानं भरतो. अंदाजाचं चित्र गुळगुळीत होतं, म्हणून ते रेखीव वाटावं यासाठी काळ्याच्या बाहेर पांढरी कड ओढतो. बुवांची टोपी काळी, त्यांच्या मागचा रंग फिका, कड उठून दिसते. चित्र चौकोनी, पडदा लांबट, म्हणून बुवा आडवे झाले."

"आत्मविस्तार!" तेजबाबांनी एक शेवटचा प्रयत्न केला.

"मग कढईचा पण आत्मविस्तार झाला होता का?" बेकरीवाला म्हणाला.

"हेच चॅनल एचडीत असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात ठिपके भरपूर येतात."

काकांनी मान खाली घातली. यावेळी खरी. काकूंनी चाचपडत रिमोट घेतला. "लेक म्हणाली होती, आकड्याआधी एक लावा." आणि त्यांनी तो नुसत्या बोटांच्या ओळखीवर दाबला.

पडदा क्षणभर काळा झाला, आणि बुवा आले. पण कसे! वलय गेलं होतं. अंग सडपातळ, कपाळावर आठ्या, गळ्याची शीर फुगलेली, टोपीच्या कडेला घामाची ओल. वरचा सूर लावताना डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी उभं राहिलेलं. देवाला हाक मारताना हा माणूस रडतो, हे काकांना इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. लहान टीव्हीत ते दिसलं नव्हतं, आणि मोठ्यात त्यांनी ते पुसून टाकणाऱ्याला नमस्कार केला होता.

"अविश्वासू माणूस खोलीत आला," तेजबाबा उठत म्हणाले. "त्यामुळे तेज लपलं."

"थांबा की," काकू म्हणाल्या आणि त्यांनी जुना आकडा दाबला. वलय लगेच हजर. "डॉक्टर अजून इथेच बसल्यात हो. तेजाला दिसल्या नाहीत वाटतं? त्यालाही मोतीबिंदू असेल."

खोली हसून हसून आडवी झाली. त्या गडबडीत तेजबाबांना दुसऱ्या एका भक्ताघरची तातडीची हाक ऐकू आली. बाटल्या मागेच राहिल्या. काकूंनी त्यांतलं पाणी कुंड्यांना घातलं. कुंड्यांतल्या झाडांना त्यामुळे काही विशेष झालं नाही.

लोक पांगल्यावर काका काकूंसमोर जमिनीवर बसले. "तुला पटत नव्हतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होता. म्हटलं, निदान एकाला तरी काहीतरी दिसतंय." मग म्हणाल्या, "मला भीती वाटत होती हो. पण तुमचा आवाज ऐकला की बोलवेना."

 काकांनी उठून चपला घातल्या आणि डॉक्टरबाईंच्या मागे धावत निघाले. गुडघ्यांनी नकार दिला, पण त्या दिवशी गुडघ्यांना विचारलं कुणी?

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काकू खोलीत आल्या, वर बल्बकडे पाहिलं, नुसता बल्ब होता. टीव्हीकडे पाहिलं, "अगंबाई, बुवांच्या भुवईवर तीळ आहे!" मग नवऱ्याकडे वळून बराच वेळ निरखत राहिल्या.

"काय बघतेस?"

"वलय शोधतेय. नाहीये. कानापाशी पांढरा रंग तेवढा लागलाय."

लागलाच होता. काका त्याच सकाळी दवाखान्याची पाटी नव्यानं रंगवून आले होते, पांढऱ्या कडेसकट. येणाऱ्याजाणाऱ्याला शिडीवरूनच सांगत होते, "ही मी ओढलीय बरं का. पाया पडू नका!"

मंडळी, मी बुवांना ऐकणारा माणूस आहे, आणि देवावरची माझी श्रद्धा या गोष्टीनं केसभरही हलली नाही. देवाला तेज दाखवायचंच असेल, तर त्याला चॅनलच्या आकड्याची गरज पडणार नाही. म्हणून कुठे वलय दिसलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, ही कड कुणी ओढली? आणि कुणी दवाखान्याची वाट सोडायला सांगितलं, तर दवाखान्याकडेच चालू लागा. पेंटरकाकांना खुशाल हसा, ते स्वतःही हसतात. पण तुमच्या घरात कुणी तुमच्या आनंदासाठी अंधारात गप्प बसलंय का, हे पाहताना माझ्या त्या काकूंची तेवढी आठवण ठेवा.