बाहेरच्या पटाशीची धार

"बाहेरची आहे का?" हा प्रश्न ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माणूस दुकानात येतो, काउंटरवरची लाकूड तासायची पटाशी उचलतो, अंगठ्यानं धार चाचपतो, मूठ हातात धरून बघतो. आवडलेली असते, तोंडावर दिसतं. मग विचारतो, "वहिनी, ही बाहेरची ना?" इथली आहे म्हटलं की तीच पटाशी त्याच्या हातात जड होते. "अच्छा, इथली," असं म्हणून तो ती खाली ठेवतो आणि शर्टाला हात पुसतो.

पूर्वी मी भांडायची. "अहो भाऊ, आत्ता तर आवडली होती की! मूळ गाव कशाला विचारताय, सोयरीक करायचीय का तिच्याशी?" गिऱ्हाईक खो खो हसायचं आणि बाहेरचीच घेऊन जायचं. माझा विनोद फुकटात, वर बांधून.

आमचं दुकान हत्यारांचं. पुढे काउंटर, मागे भट्टी. पुढे मी, मागे हे. भट्टी माझ्या सासऱ्यांनी घातलेली. पकडी, करवती, कानशी, पाने हा सगळा माल आम्ही आणून विकतो, पण सुताराच्या पटाश्या मात्र हे स्वतः घडवतात. पोलाद तापवायचं, ऐरणीवर ठोकायचं, पाणी द्यायचं, सगळं यांच्या हातचं. आणि त्याच फळीवर शेजारी बाहेरच्या देशातून आलेल्या पटाश्यांचे चकचकीत डबे. ठेवावेच लागतात. नाही ठेवले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं आणि पक्कडसुद्धा तिकडेच घेतं. म्हणजे नवऱ्याचा वैरी मीच घरात आणून मांडायचा, त्याच्यावरची धूळ मीच पुसायची. काय सांगू!

त्यात सासऱ्यांचा एक नियम. बोथट हत्यार आपल्या दुकानाबाहेर पडू द्यायचं नाही. डब्यातून निघालेल्या नव्या पटाशीला धार असते ती नावापुरती. दगडावर तेल घालून तिचं पातं नीट घासलं, तरच ती लाकडात शिरते. बाकीचे दुकानदार डबा तसाच गिऱ्हाइकाच्या हातात कोंबतात, घरी जाऊन बघ म्हणावं काय ते. आमच्याकडे गिऱ्हाइकानं पटाशी पसंत केली की मी ती मागच्या दारातून यांच्या हातात देते. हे हातातलं काम टाकतात, दगडावर बसतात आणि मनगटावरचा केस उडेल अशी धार लावून देतात. मग ती पटाशी यांनी घडवलेली असो, नाहीतर डब्यातून निघालेली.

आणि मग काय होतं? पुढच्या खेपेला तेच गिऱ्हाईक दारातूनच ओरडतं, "वहिनी, बाहेरचा माल तो बाहेरचा माल! काय धार आहे हो!" आणि मी मूग गिळून गप्प. तिकडे मागे धार लावणारा माणूस घाम पुसत असतो, इकडे त्याचं कौतुक भलत्याच्याच पदरात पडत असतं.

"अहो, त्यांच्या पटाश्यांना तुम्ही कशाला धार लावता?" मी शंभरदा म्हटलं असेल. "जाऊ दे की बोथट! कळू दे लोकांना."

"अगं, गिऱ्हाईक तर आपलं आहे ना," हे म्हणायचे, आणि पुन्हा दगडाकडे वळायचे. या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडणं. भिंत निदान सरळ उभी तरी असते.

हळूहळू भट्टी रोजची एक दिवसाआड झाली, मग आठवड्यातून एकदा. घण मारायला एक माणूस होता तोही दुसरीकडे लागला. हे एकटेच ठोकत राहिले. शेवटी आम्ही दोघांनी बसून ठरवलं, म्हणजे मी ठरवलं आणि हे "हं" म्हणाले, की यंदा एखादं मोठं काम मिळालं तर भट्टी चालू ठेवायची, नाहीतर कायमची विझवायची. अशी अर्धीमुर्धी धुमसत ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मी मोठं काम शोधून काढलं. चपला झिजवल्या म्हणा. फर्निचरचा एक कारखाना आहे, लाकडी टेबलं, कपाटं, पलंग बनवतो. त्यांना सगळ्या कारागिरांसाठी नव्या पटाश्या घ्यायच्या होत्या आणि पुढेही दर वर्षी लागणार होत्या. तिथल्या खरेदीच्या साहेबांकडे मी इतक्या खेपा घातल्या, की दारावरचा रखवालदार मला चहा विचारायला लागला. साहेब माणूस वाईट नव्हता. सदा सर्दी झालेला, टेबलावर रुमालांचा ढीग. एके दिवशी तो म्हणाला, "बाई, असं करू. तुमच्या आणि बाहेरच्या, दोन्ही पटाश्या तुम्हीच आणा. जशा गिऱ्हाइकाला देता तशाच. आमचा मिस्त्री चालवून बघेल. तुमच्या सरस निघाल्या तर तुमच्याच घेऊ."

मी घरी उडतच आले. यांच्या पटाशीचं पोलाद मला ठाऊक होतं. आणि डब्यातली पटाशी डब्यातून निघते तेव्हा काय लायकीची असते, तेही ठाऊक होतं. प्रश्नच नव्हता.

"हे बघा," मी यांना बजावलं, "तुमच्या पटाश्यांना मन लावून धार लावा. त्यांच्या डब्यांना हात लावायचा नाही. कळलं?"

"हं," हे म्हणाले. यांचं हं म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ते कळायला हवं होतं.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. सगळीकडे लाकडाचा भुसा, नाकात जाणारा. साहेबांनी आम्हाला मिस्त्रीच्या बाकापाशी नेलं. पांढऱ्या मिशांचा, जाड भिंगाचा चष्मा लावलेला मिस्त्री. त्यानं पटाश्या घेतल्या आणि कुठली कुणाची ते कळू नये म्हणून साहेबांनी प्रत्येकीच्या मुठीवर कागद गुंडाळला. मिस्त्रीनं सागवानाची एक फळी शिकंज्यात धरली आणि तिच्या कापलेल्या टोकावर, लाकूड सगळ्यात हट्टी असतं तिथे, पहिली पटाशी लावली. पातळ, अखंड काप निघाला. माझा जीव भांड्यात पडला. ही आमचीच.

मग त्यानं दुसरी लावली. काप निघाला. तसाच पातळ, तसाच अखंड.

मी पुढे वाकून बघितलं. पात्याच्या टोकाला एक बारीक पट्टी लखलखत होती. ती पट्टी मी रोज बघते. दगडावर यांचा हात फिरल्याशिवाय ती येत नाही. मी सगळ्या पटाश्यांची टोकं बघितली. सगळ्यांवर होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी यांच्याकडे बघितलं. हे छताला लावलेला पंखा बघत होते, जसा काही तो विकत घ्यायचा होता.

मिस्त्रीनं सगळ्या चालवून बघितल्या, काही पुन्हा बघितल्या आणि चष्मा काढून पुसला. "साहेब, मला तरी फरक कळत नाही. दोन्ही सारख्याच. एक नंबर."

"सारख्याच असतील तर मग बाहेरच्या घेऊ," साहेब नाक शिंकरून म्हणाले. बोलण्यात दुष्टावा नव्हता. "राग मानू नका. आमची गिऱ्हाइकं कारखाना बघायला येतात. भिंतीवर बाहेरची हत्यारं टांगलेली दिसली की त्यांना बरं वाटतं. आपल्या लोकांचं कसं असतं, तुम्हाला काय सांगायचं!"

मला! मला काय सांगायचं!

"थांबा," मी ओरडले. आजूबाजूचे कारागीर बघायला लागले. "त्या बाहेरच्या पटाश्यांनासुद्धा यांनीच धार लावलीय. डब्यातून निघते तेव्हा पटाशीला तशी धार नसते. विचारा यांना!"

साहेबांनी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "हो. जशा गिऱ्हाइकाला देता तशाच आणा, असं तुम्हीच म्हणाला होतात. आम्ही अशाच देतो."

आता मी कपाळाला हात लावू, की भिंतीवर डोकं आपटू? साहेबांनी कपाटातून बाहेरच्या पटाशीचा एक न उघडलेला डबा काढला. नमुन्याला ठेवलेला. मिस्त्रीनं त्यातली पटाशी काढून फळीवर लावली. ती लाकडात गेलीच नाही. टोकावरून सटकली, फळीचा टवका उडाला आणि मिस्त्रीनं डावा हात झटकन मागे ओढला.

"बघा!" मी म्हटलं. "बघितलंत ना?" तेवढ्या एका क्षणी मी जिंकले होते. खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

साहेबांनी टवका उडालेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग यांना म्हणाले, "म्हणजे धार नीट लावली की बाहेरच्याही उत्तम चालतात, असंच ना?"

"चालतात," हे म्हणाले. "पोलाद चांगलं आहे त्यांचं."

"मग प्रश्नच मिटला. पटाश्या बाहेरच्या घेऊ, तुमच्याच दुकानातून घेऊ आणि धार तुम्ही लावून द्या. पुढेही बोथट झाल्या की तुमच्याकडेच पाठवू."

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "चालेल."

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. माझ्यासारखी बाई बोलत नाही तेव्हा काय ते समजा. दुकान उघडलं नाही, सरळ मागे भट्टीपाशी गेले आणि तिथे तोंड सोडलं.

"मुद्दाम केलंत ना? मी सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून! मी तिथे खेपा घालून मेले, आणि तुम्ही वैऱ्याच्या तलवारीला धार लावून दिलीत!"

"मुद्दाम नाही गं." हे ऐरणीवर टेकले होते. "डबे पिशवीत भरायला घेतले, एक उघडून बघितला. मिस्त्रीचा हात बघितलास ना? बोथट पटाशी अशीच सटकते. कुणाच्या हातात कशी देऊ मी तशी?"

"मग गेलं ना सगळं! आता ही भट्टी विझणार. कळतंय का? तुमच्या वडिलांची भट्टी. आपलं ठरलं होतं."

"विझू दे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"विझू दे म्हटलं." हे खाली बघत होते. "मिस्त्री सारख्याच म्हणाला ना, तेव्हा मला बरं वाटलं. त्यानं आपल्या सरस म्हटलं असतं, तर एवढ्या पटाश्या ठोकायच्या कुणी? उजवा हात खांद्याच्या वर जात नाही माझा. सदरा घालताना त्रास होतो. घण उचलतो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते. धार लावणं जमेल. बसून करता येतं. ठोकणं आता नाही जमत."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत?" "तोंडाला कुलूप लावलं होतं का? मी विचारलं तेव्हा हं म्हणालात!"

"तू दिवसभर काउंटरवर माझ्या पटाश्यांसाठी लोकांशी भांडायचीस," हे म्हणाले. "मागे मला सगळं ऐकू यायचं. मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

मी तिथेच कोळशाच्या पोत्यावर बसले. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जगाशी भांडत होते, तो माणूस माझं भांडण ऐकून रोज घण उचलत होता.