घटाची माती

"अवो, जरा हयसर येवा. मूग घातलंय ना मिया घटात?"

प्रेमा देवापुढे उकिडवी बसून परडीत डोकावत होती. आज चौथी माळ, आणि माती आपली ओकीबोकी. एरवी मूग म्हणजे उतावळा जीव, तिसऱ्या दिवशीच मान वर काढायचा. इथे मूग नाही, गहू नाही, भात नाही, जव नाही. मधोमध कलश तेवढा ऐटीत बसला होता.

"घातलंस तर," जयवंत पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "येतले फाल्या. तेंका काय कामाक जावचा हा?"

प्रेमाला हसू आलं नाही. आतल्या खोलीत तिची सून दिशा झोपली होती. पाचवा महिना. गेल्या वर्षी तिसऱ्यातच सगळं संपलं होतं, तेव्हापासून पोर जिना उतरतानाही देवाचं नाव घेई. घट रुजला की घर रुजतं, असं प्रेमाची सासू म्हणायची. आणि नाही रुजला तर? त्या 'तर'च्या पुढचं प्रेमाला पाठ होतं.

तिचं लग्नानंतरचं पहिलं नवरात्र. खाडीकाठच्या गावात सासूने परडी तिच्या हातात दिली. काही म्हणता काही रुजलं नाही. दिवाळीच्या आत प्रेमाचं पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती. कुणी प्रेमाला ती हातातसुद्धा घेऊ दिली नाही. "फुटक्या हाताची बाय," सासू म्हणाली. एकदाच म्हणाली, पण ते वाक्य मालाडपर्यंत प्रेमाच्या मागोमाग आलं.

पुढे जन्मभर तिने महापालिकेच्या प्रसूतिगृहात आयाचं काम केलं. किती बाळं पुसली, फडक्यात गुंडाळली, आईच्या कुशीत दिली. "दृष्टबिष्ट काही नसतं गं, नीट जेव," असं बायांना दटावलं. पण घरच्या घटात बी पेरायचा तो जयवंत. यंदा दिशाच हटून बसली, "आई, तुम्हीच पेरा ना! तुमच्या हाताला यश आहे." प्रेमा भुलली. वर तोरा असा, की मी पेरणार तर नर्सरीतला पिशवीतला भुसा नको, खरी माती हवी. मग जयवंतने मागे खाडीच्या बाजूला बिल्डरने खणलेल्या खड्ड्यातली माती आणली. काळीशार, मऊ. बघून तिला गावचं शेत आठवलं होतं.

"काय आई, एवढं टेन्शन!" तिचा मुलगा हर्षद बूट घालता घालता कुजबुजला. "बाजारात मोड आलेले मूग मिळतात. चार खोच आत. दिशाला कळणार पण नाय."

"देवीला फसवू? गप रे!" प्रेमा म्हणाली. पण तो गेल्यावर पिशवी घेऊन ती दारापर्यंत गेली होती, खोटं कशाला बोला.

दारातून परत आली आणि बोटाने माती उकरली. मूग होता तसाच, जेमतेम फुगलेला. परडीच्या कडेला माती सुकून पांढरी साय धरली होती. ती तिला इतके दिवस उदबत्तीची राख वाटत होती.

जयवंतने बोट टेकवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"शिरा पडली! ही खारी माती हा गो. ह्येच्यात बी पाण्यात बसान तानेन मरता. मीठ तेका पाणी पिऊक देना नाय. आपल्या शेतात नाय झाला? नारळीपुनवेच्या उधाणाक बांध फुटलो, खाडी आत घुसली. मागीर कितीतरी वर्सा भात रुजाक नाय."

"खयच्या वर्सा?"

"आपला लगीन झाला, त्या."

प्रेमा परडीकडून त्याच्याकडे वळली. "आणि घटाची माती खयची होती तेव्हा?"

जयवंतने पेपर बाजूला ठेवला. "त्याच शेतातली," तो हळूच म्हणाला. "आवशीनच हाडल्यान."

"तुमका म्हायत होता?"

"दोनय गोष्टी एकत्र लावून बघूक नाय गो कधी."

तिला असा संताप आला की समोरचा तांब्या भिरकावून द्यावा. ती माती आणणाऱ्या सासूवर, ह्याच्यावर, स्वतःवर. अख्खा जन्म ती आपल्या हातांना भीत आली होती, आणि कारण काय, तर मीठ! मग ती रडली, पदर तोंडात कोंबून.

"आई?" दिशा दारात उभी होती. तिची नजर परडीवर गेली आणि हात पोटावर. "रुजलं नाही?"

"नाही रुजलं," प्रेमा नाक पुसत म्हणाली. "इकडे ये, बस. माती खारट निघाली. ह्यात कुणीही पेरलं असतं तरी हेच झालं असतं. मी पेरलं, तू पेरलंस, देवीने स्वतः पेरलं तरी. तुझ्या बाळाचा ह्याच्याशी काही संबंध नाही. ऐकतेस ना?"

"नक्की, आई?"

"नक्की." इतक्या ठामपणे ती हा शब्द घरात कधी बोलली नव्हती.

बसलेला घट हलवायचा नसतो, तो तसाच राहिला. उरलेली माती प्रेमाने बुडाला भोकं पाडलेल्या टबात घातली. दोन दिवस न्हाणीघरात तिच्यावर नळाचं पाणी ओतायचं, निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. मग तिच्यात मूठभर मूग टाकले.

दसऱ्याला टबात मूग दाटीवाटीने उभे होते. दिशाने स्वतःच्या हाताने तुरा खुडून केसांत माळला आणि हर्षदच्या कानामागेही खोचला.

परडीत कडेला जवाचा एकच कोंब आला होता. बोटभरही नाही, पिवळट, टोक करपलेलं.

"हा टाकू?" हर्षदने विचारलं.

"नको."

प्रेमाने तो मुळासकट अलगद काढला. दोन बोटांनी त्याच्यावरची माती पुसली, मऊ फडक्याच्या तुकड्यात गुंडाळला, आणि बराच वेळ तळहातावर घेऊन बसली.