चिकटपट्टीची खोली

"होम थिएटर घ्यायचंय, तू चल. तुझा कान चांगला आहे," दादा फोनवर म्हणाला. कान चांगला असायलाच हवा, दिवसभर तक्रार विभागात हेडफोन लावून लोकांची बोलणी खाते मी. पण दादाला माझं कौतुक सुचलं की खुशाल समजावं, काहीतरी माझ्या गळ्यात मारायचं आहे. हे कळत असूनही गेले, कारण आईही येणार होती.

आई ठेवणीतले कपडे घालून आली होती. हॉलमधल्या टीव्हीचा आवाज वहिनी बारीक ठेवते, मला नुसती हलणारी तोंडं दिसतात, ही आईची जुनी कुरकुर. गाडीतून उतरताना माझा हात धरून हळूच म्हणाली, "मी नकोच म्हणत होते गं. पण दादा म्हणाला, तुझ्या खोलीत बसवू. मला एकटीला कशाला एवढं?" तोंडाने नको नको आणि डोळ्यांत आनंद मावत नव्हता. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, या माणसाला आईची आठवण झाली.

दुकानातला विक्रेता मिशाळ, शांत माणूस होता. दादा थेट सगळ्यात मोठ्या स्पीकरपाशी जाऊन उभा राहिला, तर त्याने मान हलवली. "आधी खोली, मग स्पीकर, मग रिसीव्हर. लोक उलटं करतात आणि मग आवाज घुमतो म्हणून भांडायला येतात." रिसीव्हर म्हणजे काय, असं आईने विचारलं. "मुकादम समजा, आजी. कोणत्या स्पीकरने कधी किती बोलायचं, ते हा ठरवतो."

"आमच्या घरी ते काम सूनबाई करते," आई म्हणाली. विक्रेता हसला. दादा हसला नाही.

दुकानाच्या मधोमध फरशी मोकळी ठेवली होती. गिऱ्हाइकाची खोली तो तिथे पिवळ्या चिकटपट्टीने खऱ्या मापात आखायचा, म्हणजे काय कुठे बसेल ते डोळ्यांना दिसतं. दादाने लांबी-रुंदी धडाधड सांगितली. खिडकी कुठे, भिंतीतलं कपाट कुठे, दार कोणत्या कोपऱ्यात, सगळं तोंडपाठ. आई माझ्याबरोबर दवाखान्यात गेलेली असताना मापं घेतली असणार. विक्रेता गुडघ्यांवर सरकत पट्टी चिकटवत गेला आणि दाराची जागा तेवढी मोकळी सोडली.

आई त्या दारातून आत गेली. इकडे तिकडे बघून खुदकन हसली. "अगोबाई, माझीच खोली की ही. इथे खिडकी. आणि इथे माझा पलंग." पलंगाच्या जागी जाऊन ती उभी राहिली.

विक्रेत्याने डोकं खाजवलं. "पलंग असेल तर मागचे दोन स्पीकर बसणार नाहीत. पुढे तीन लावा. बोलणं सगळं मधल्यातून येतं, तो चांगला घ्या. लहान रिसीव्हर पुरेल."

"तीन पुष्कळ झाले," आई म्हणाली. "मला बोलणं कळल्याशी कारण."

"पलंग नाही," दादा म्हणाला. आईकडे न बघता, विक्रेत्याला. "पाच स्पीकर लावायचे. मध्ये चार खुर्च्या, मागे रेलणाऱ्या. आम्ही दोघं आणि मुलं."

चार खुर्च्या. या माणसाने आईला मोजलंच नव्हतं, आणि माझा कान चांगला म्हणून मला बोलावून घेतलं होतं.

"आई कुठे झोपणार?" मी विचारलं.

"तुझी पुढची खोली मोकळीच असते. एकटी असतेस, तुलाही सोबत होईल. मी बोलणारच होतो, आज जेवताना."

"मला सोबत हवी होती तेव्हा मी आईला विचारलं होतं, दादा. किती वेळा. ती म्हणाली, हे घर मी आणि तुझ्या बाबांनी बांधलं, माझी खोली आहे, मी कशाला येऊ? आता तिची खोलीच काढून घेऊन मला सोबत देतोस होय?"

"आवाज चढवू नकोस. दुकान आहे हे."

डोक्यात तिडीक गेली. चारी बाजूंना माणसाएवढे भोंगे उभे, आणि आवाज माझा जास्त होत होता. मी आणखी बोलणार होते, पण आईने हात वर करून मला थांबवलं. भांडू नका, एवढंच. लहानपणापासून तिचा हात वर गेला की दादाचं जे काय असेल ते खपून जायचं. आजही तेच झालं, आणि मला दादाइतकाच तिचाही राग आला.

विक्रेत्याची पंचाईत झाली होती. बिचाऱ्याने कामात डोकं घातलं. पाच स्पीकर मांडले, मोठा रिसीव्हर जोडला, आणि आईच्या पायांशी, खुर्च्या येणार त्या जागी, एक बारका माइक तिवईवर ठेवला. रिसीव्हर आता एकेका स्पीकरमधून आवाज सोडून खोली जोखणार होता.

"आत कुणी असलं की माप चुकतं," तो म्हणाला. "आजी, जरा बाहेर थांबता का?"

आईने मान डोलावली. चहूकडे नुसती पट्टी होती, कुठूनही पाय टाकून बाहेर येता आलं असतं. ती वळसा घालून कोपऱ्यातल्या दाराशी गेली, दारातून बाहेर आली, आणि रोजच्या सवयीने मागे हात नेऊन नसलेलं दार ओढून घेतलं.

"हं, करा सुरू," दादा विक्रेत्याला म्हणाला.