दोनशे तेरा नंबर

दुकानातला जुना काउंटर काढला, तेव्हा भिंत आणि फळीच्या फटीत आइस हॉकीच्या खेळाडूंच्या फोटोकार्डांचं एक पाकीट सापडलं. न फोडलेलं. मेणकागदाच्या घड्या जशाच्या तशा चिकटलेल्या, वर पिवळ्या अक्षरांत साल: १९७२-७३. मी ते चिमटीत धरलं, धूळ फुंकली आणि तशीच दुकानाला कुलूप लावून गावच्या बर्फाच्या मैदानावर, रिंकवर, निघाले. शनिवार सकाळचे दहा वाजले होते. दारात गिऱ्हाईक उभं होतं.

"खिळे सोमवारी ने," मी त्याला म्हटलं.

त्या सालच्या कार्डांमध्ये ऑरेस्ट कालिन्याकचं कार्ड होतं, आणि ऑरेस्टने ते जन्मात पाहिलेलं नव्हतं.

ऑरेस्ट आमच्या मॅक्कॉल लेकचा. उत्तर ऑन्टारिओतल्या या खाणीच्या गावातून मोठ्या लीगपर्यंत पोचलेला एकटा माणूस. गोलकीपर. बहात्तरच्या ऑक्टोबरपासून त्याला नऊ सामने मिळाले, त्यांत त्याच्यावर एकेचाळीस गोल झाले, आणि नाताळच्या आत संघाने त्याला परत पाठवलं. पुढे काही वर्षांनी तो संघच बंद पडला. ऑरेस्ट खाणीत कामाला लागला, निवृत्त झाला, आणि आता शहात्तराव्या वर्षी गावच्या रिंकवर पोरापोरींच्या स्केट्सना धार लावून देतो.

तो परत आला तरी त्याचं कार्ड मात्र छापून झालं होतं. फेब्रुवारीत कार्डांचा दुसरा संच बाजारात आला, आणि त्यातल्या यादीच्या कार्डावर स्पष्ट होतं: २१३, ऑरेस्ट कालिन्याक, गोलकीपर. तेव्हा त्याच्या लग्नाला तीन महिने झाले होते. तो आणि लिझेट दर शनिवारी गाडी काढून हायवेवरची दुकानं पालथी घालायचे. पाकिटं घ्यायची, गाडीतच फोडायची, आतली च्युइंगगमची पट्टी तोंडात टाकायची, कार्डं चाळायची, पुढचं दुकान. चघळून चघळून दोघांचे जबडे दुखायचे. एका मिशीवाल्या बचावपटूचं कार्ड त्यांना चौदा वेळा मिळालं. ऑरेस्टचं एकदाही नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळला, दुकानांत बेसबॉलची कार्डं आली आणि शोध थांबला.

आता म्हणाल, आजकाल असलं कार्ड कॉम्प्युटरवर घरबसल्या मिळतं. मिळतंच. त्याची मुलगी नादिया हिने त्याच्या साठाव्या वाढदिवसाला ते मागवलं होतं. ऑरेस्टने लिफाफा नुसता हातात घेऊन ओळखलं आणि न उघडता परत दिला.

"स्वतःचंच कार्ड विकत घेऊ? पाकिटातून निघेल तेव्हा बघेन."

"पाकिटंही विकतच घेत होतास की," गेतान म्हणाला होता. गेतान रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवतो. साठ वर्षांपासूनचा दोस्त, आणि ऑरेस्टची टर उडवणं हे त्याचं दुसरं काम.

"ते वेगळं," ऑरेस्ट म्हणाला. वेगळं कसं, ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही. पण कोणी फोनवर ते कार्ड दाखवायला लागलं की तो गच्च डोळे मिटून घ्यायचा.

आम्ही बाकी सगळ्यांनी ते पाहिलं होतं. आणि पाहिलं होतं म्हणूनच हट्ट करून त्याला दाखवायला कोणी जात नसे. फोटोत चोवीस वर्षांचा ऑरेस्ट गोलपुढे वाकून उभा आहे, केस कपाळावर, चेहरा कसा लख्ख, आणि त्याच्या डाव्या पायामागे, जाळीच्या आत, चेंडूच्या जागी वापरतात तो काळा रबरी पक पडलेला. गोल झालेला. छापणाऱ्यांना दुसरा फोटो मिळाला नसेल का, असं आम्ही आपसात म्हणायचो आणि विषय बदलायचो.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं, तरीही मी जवळजवळ पळतच रिंकवर पोचले. ऑरेस्ट धारेच्या यंत्रावर वाकला होता, ठिणग्या उडत होत्या. मी पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने एक नजर टाकली, यंत्र बंद केलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आयला, हे कुठून आणलंस?"

"काउंटरच्या मागून. पप्पांच्या हातून कधीतरी पडलं असणार."

"दुसऱ्या संचातलं आहे." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "कागदाचा रंग बघ. पहिल्या संचाचा निळा होता. हा हिरवा आहे." तो हात लावेना. दोन्ही हात छातीशी धरून उभा राहिला. "तुझं पाकीट आहे. तू सांग."

"फोडायचं म्हणून तर आणलं."

"थांब. आधी हात धुतो." तो दोन पावलं गेला आणि वळला. "आणि लिझेटला फोन कर. तिच्याशिवाय नाही फोडायचं."

मी फोन केला. लिझेटने संच कोणता ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "येते. पण त्याला सांग, बंद आहे तर बंदच राहू दे. काचेत लावून ठेवा."

"ते तूच येऊन सांग बाई. मी सांगून तो ऐकणार आहे का?"

ती यायला अर्धा तास लागला. त्यांचं घर रिंकपासून चालत पाच मिनिटांवर आहे. तोवर बातमी फुटली होती. लहान मुलींचा सराव संपवून त्यांची प्रशिक्षक त्या सगळ्यांना घेऊन कँटीनमध्ये आली, आईबाप आले, गेतान बर्फावर गाडी अर्ध्यातच उभी करून आला. ग्रेव्ही घातलेल्या बटाट्याच्या बश्या बाजूला सारून मधलं टेबल मोकळं केलं. कोणीतरी त्यावर स्वच्छ टॉवेल पसरला.

"ऑपरेशन आहे का रे?" गेतान म्हणाला.

"तू गप. खोकू पण नकोस इकडे."

लिझेट आली ती कोटाची बटणं न काढताच खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. "ऑरेस्ट, राहू दे ना. एकशे बत्तीस कार्डांतली दहा आहेत आत. नाही निघालं तर पुन्हा तोंड पाडून बसशील."

"बसेन. तुझ्याच शेजारी बसेन." तो हसत होता. मी त्याला इतका खुशीत पोरांच्या अजिंक्यपदाच्या वेळीही पाहिला नव्हता. कान लाल झाले होते.

त्याने अंगठ्याच्या नखाने मेणकागदाची घडी उचलली. वाळलेलं मेण कटकन सुटलं. आतून गोडसर, जुन्या कपाटासारखा वास आला आणि त्याबरोबर लिझेटने डोळे मिटले. तिलाही तो वास ओळखीचा होता. गुलाबी पट्टीचे काचेसारखे तुकडे झाले होते. गेतानने एक उचलून तोंडात टाकला.

"कसा आहे?" एका मुलीने विचारलं.

"खडू," तो म्हणाला, पण थुंकला नाही.

ऑरेस्टने गठ्ठा पालथा धरला आणि एकेक कार्ड वळवून टॉवेलवर ठेवायला लागला. पहिलं कार्ड वळलं आणि तो ओरडलाच, "हा बघ! याने माझा हा दात पाडला." दुसऱ्याला तो ओळखत नव्हता. तिसरं बघताच लिझेट आणि तो एकदम म्हणाले, "मिशी!" पंधराव्या वेळी भेटला होता तो. सगळं कँटीन हसलं. चौथा सेंट लुईसचा, पाचवा त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलेला, "रात्रभर घोरायचा हा, म्हणून माझ्यावर गोल व्हायचे." सहावा. मागच्या मुली खुर्च्यांवर चढल्या.

सातवं कार्ड वळताना आधी जाड, तपकिरी पायसंरक्षक दिसले. गोलकीपर. मी टेबलाची कड पकडली. गेतान चघळायचा थांबला. ऑरेस्टने कार्ड पूर्ण वळवलं.

दुसराच कोणी होता. टोरोंटोचा.

"हा चांगला होता," ऑरेस्ट हळूच म्हणाला. "माझ्यापेक्षा बराच."

आठवं नाही. नववं नाही. दहावं कार्ड च्युइंगगमला चिकटलेलं होतं. त्याने तोंडाजवळ नेऊन त्यावर श्वास सोडला, पुन्हा सोडला, आणि कडेने हळूहळू सोडवलं. आम्ही पंचवीस-तीस माणसं टेबलाभोवती दाटलो होतो. त्याने कार्ड सरळ केलं.

यादी. नुसती नावं आणि नावांपुढे खूण करायचे बारीक चौकोन. त्याने बोट फिरवत नेलं आणि थांबवलं. "दोनशे तेरा," तो म्हणाला. "आहे बघा. नाव आहे." मग त्याने माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "चला. मजा आली. आयला, तुझे उपकार."

मुली खुर्च्यांवरून उतरायला लागल्या. तेवढ्यात लिझेटने पर्स उघडली.

तिने आतून एक लिफाफा काढला, लिफाफ्यातून टिपकागद, आणि टिपकागदातून एक कार्ड. ते तिने पालथंच टॉवेलवर ठेवून त्याच्याकडे सरकवलं.

"हे काय?"

"तुझं."

"लिझेट, विकत आणलेलं मी घेत नाही. तुला माहीत आहे."

"विकतचं नाही. पाकिटातून निघालंय. हर्स्ट गावच्या पेट्रोलपंपावर. तू पैसे द्यायला आत गेला होतास आणि मी गाडीत पाकिटं फोडत होते. माझ्या हातात आलं." ती भराभर बोलत होती, खाली बघून. "मार्चमध्ये. त्याच आठवड्यात तुला संघाचं पत्र आलं होतं, पुढच्या हंगामातही येऊ नका म्हणून. आणि मी हा फोटो बघितला. म्हटलं, आज नको. पुढच्या आठवड्यात देऊ. तेव्हा पायातल्या बुटात लपवलं. मग शिवणयंत्राच्या खणात ठेवलं. मग इतके दिवस झाले की कुठल्या तोंडाने देणार?"

"एकावन्न वर्षं?" गेतान म्हणाला.

"तू गप रे."

ऑरेस्टने कार्ड वळवलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, कार्ड मला पाठच होतं. तो बघत राहिला. नाकाजवळ नेलं, लांब धरलं.

"पक आत आहे," तो म्हणाला.

"हो," लिझेट म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "म्हणूनच."

"अगं, नऊ सामन्यांत एकेचाळीस गोल झाले माझ्यावर. मी विसरलो असेन असं वाटलं तुला?" तो कार्डावरून मान वर करत नव्हता. मग एकदम त्याचे खांदे हलायला लागले, आणि मला क्षणभर वाटलं रडतोय. पण तो हसत होता. "माझा मास्क कुठंय?"

"काय?"

"मास्क! तोंड दिसतंय माझं. सामन्यात मी मास्कशिवाय उभा राहीन का? आईने घरात घेतलं नसतं." त्याने कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि बोटाने दाखवलं. "आणि ह्या मागच्या खुर्च्या बघा. एक माणूस नाही. सामन्याआधीचा सराव आहे हा. फोटोवाला म्हणाला, मास्क काढ, चेहरा येऊ दे. पोरं इकडून तिकडून पक मारत होती, मी फोटोवाल्याकडे बघत होतो. हा गोलच नाही!"

आम्ही सगळे वाकलो. खुर्च्या खरंच रिकाम्या होत्या. गावातल्या अर्ध्या लोकांनी तो फोटो पाहिला होता, मी तर निदान दहा वेळा, आणि त्या एका पकापलीकडे कोणाची नजर गेली नव्हती. गेतानने आपल्या टोपीने स्वतःच्याच डोक्यावर एक मारून घेतली.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. मुलींना कार्ड हातात घ्यायचं होतं, ऑरेस्ट कोणाला देईना, मग सगळ्यांना रांगेत उभं करून कार्ड कडेने धरून दाखवायला लागला. त्याने नादियाला फोन लावला आणि तिने उचलायच्या आतच बोलायला सुरुवात केली. प्रशिक्षक बाईंनी कॉफी सगळ्यांना आपल्यातर्फे म्हणून जाहीर केलं. बर्फावरची गाडी तशीच आडवी उभी होती आणि दुपारच्या सरावाला आलेली मोठी मुलं काचेवर टकटक करत होती, पण गेतान जागचा हलेना.

एकटी लिझेट बसून होती. आता तिचे कान लाल झाले होते.

"म्हणजे मी एकावन्न वर्षं हे लपवलं," ती म्हणाली, "ते एका सरावाच्या फोटोपायी?"

"तू विचारायचं होतंस," ऑरेस्ट म्हणाला.

"काय विचारायचं? न दाखवता विचारायचं कसं?"

"म्हणजे दाखवायचं होतंस."

"आणि तू एकदा तरी सांगायचं होतंस, की फोटो सरावात काढलाय म्हणून. प्रत्येक सामन्याची प्रत्येक गोष्ट शंभरदा सांगितलीस. हीच बरी राहिली?"

"फोटो कोणता छापला, ते मला कुठे माहीत होतं?"

असं म्हणत म्हणत दोघं उठले, तिने त्याच्या कोटाची बटणं लावली, त्याने कार्ड टिपकागदात गुंडाळलं आणि पुन्हा उघडलं. मी दारापर्यंत गेले. बाहेर वाऱ्यावर भुरभुर बर्फ उडत होता. गाडीपाशी त्यांचं अजून चालूच होतं. ऑरेस्ट स्टीयरिंगमागे बसला, पण कार्ड हातातून सोडेना. लिझेटने दोन मिनिटं वाट पाहिली, मग तिने उतरून, वळसा घालून त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याला पलीकडे सरकवून गाडी स्वतः चालवत नेली.