वीटभट्टीच्या मागचं शेत

दातांच्या डॉक्टरांचं विमान दोनच सीटचं होतं, त्याही शेजारी-शेजारी. तरी आठ महिन्यांपूर्वी, भर आकाशात, ते बायकोला म्हणाले होते, "एवढी धास्ती वाटते तर मागे बस."

रागाच्या भरात माणसाला विमानाची रचना आठवत नाही. बाई खाली उतरल्या आणि महिनाभरासाठी म्हणून लेकीकडे गेल्या. तो महिना अजून संपायचा होता.

भांडण शेतांवरून झालं होतं. बाई मोजणीदाराची लेक. लोक खिडकीतून ढग बघतात, या उतरायला जागा बघायच्या. "अहो, ते वीटभट्टीच्या मागचं शेत चांगलं लांब आहे. पण विजेच्या तारांच्या अलीकडेच थांबायचं. आणि नांगरटीच्या रेघेनं उतरायचं, आडवं नको." इंजिन ठणठणीत असताना बायकोनं आपली पडायची जागा पसंत करत बसावं, हे डॉक्टरांना झोंबे.

बाई गेल्यावर डॉक्टर दर रविवारी एकटेच उडत. शेजारच्या रिकाम्या सीटला पट्टा मात्र आठवणीनं बांधत. मोकळा राहिला की खडखडतो, असं ते सांगत. फ्रिजमधली सुकलेली लिंबं टाका, हिरवा स्वेटर उन्हात वाळत घाला, असे बाईंचे निरोप लेकीमार्फत येत. डॉक्टर लिंबं टाकत, स्वेटर वाळवत. "ये" एवढं म्हणायचं राहून जाई. तीस वर्षं लोकांना "आ करा" म्हणणाऱ्याचं स्वतःचं तोंड काही उघडेना.

त्या रविवारी इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पंखा वीज गेल्यासारखा नाकापुढे उभा राहिला. डॉक्टरांनी पेट्रोलची टाकी बदलली, किल्ली फिरवून पाहिली. ढिम्म.

"दुखणार नाही," ते सवयीनं म्हणाले. या वाक्यावर तीस वर्षांत कोणी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनीही ठेवला नाही.

विमानाचं नाक खाली धरून त्यांनी वेग राखला. खाली शेतंच शेतं, सगळी एका आईची लेकरं. हातात फार तर दोन मिनिटं. मग वीटभट्टीचं धुराडं दिसलं, आणि कोणीतरी सांगेल म्हणून डॉक्टरांनी शेजारी बघितलं. पट्टा नीट बांधलेला होता.

तारांच्या अलीकडे. रेघेनं, आडवं नको. धक्क्यानं दार अडकू नये म्हणून कडी त्यांनी आधीच सोडून ठेवली. तीही बाईंचीच ताकीद. ढेकळं उडाली, कवळीसुद्धा निसटेल असे गचके बसले आणि तारा दोन खोल्यांच्या अंतरावर असताना विमान थांबलं.

शेताचा मालक धापा टाकत आला. आत आणखी कोणी आहे का, असं त्यानं विचारलं. "नाही" म्हणायला डॉक्टरांना बराच वेळ लागला.

मग त्यांनी फोन लावला. लेकीला नाही, थेट बाईंना.

"मी उतरलोय. वीटभट्टीच्या मागे."

पलीकडे नातवाचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

"तारांच्या अलीकडे ना?"

"अलीकडे."

"लागलं कुठे?"

"नाही. शेजारी सांगायला कोणी नव्हतं."

"होतं तेव्हा ऐकायला नव्हतं कोणी."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. कोणी "आ करा" म्हटलं नव्हतं.

"ये," ते म्हणाले.

रडणं थांबलं. बाईंनी बहुतेक नातवाला खांद्यावर घेतलं असावं.

"तिथून हलू नका," बाई म्हणाल्या. "जागा माझ्या पाहण्यातली आहे."

हे धूड शेतातून कधी हलणार, असं मालकानं विचारलं. बायको येतेय, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं, आणि रस्त्याकडे तोंड करून ते बांधावर बसून राहिले.